पाण्याच्या तात्यांची वही : माझ्या गावच्या ग्रामसभेला खुले पत्र

माननीय सरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि येत्या १ मे रोजी देवळाच्या सभामंडपात जमणारे माझे सगळे गावकरी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पाण्याच्या तात्यांची, गावाला नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाची, मोठी मुलगी. लग्न होऊन खेड तालुक्यात गेले त्याला अकरा वर्षं झाली. मतदार यादीतलं नावही तिकडे गेलं, त्यामुळे आपल्या ग्रामसभेत उठून बोलायचा हक्क मला नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. ते उघडं लिहिते, कारण यात जे मांडायचं आहे ते आमच्या एका घरापुरतं नाही.

सभेची नोटीस आईने मला फोनवर वाचून दाखवली. नव्या टाकीला बाबांचं नाव द्यायचं असा विषय त्यात आहे. वाचताना ती दोनदा थांबली. तुम्ही त्यांची आठवण ठेवलीत, याचं आम्हा तिघांनाही फार वाटलं. पण त्या विषयावर हात वर करण्याआधी मला तुम्हाला थोडं सांगायचं आहे. माझा बाप रोज पहाटे नक्की काय करत होता, हे गावात फार थोड्यांनी पाहिलंय. आपण उठायच्या आत त्यांचं काम झालेलं असायचं.

गेल्या माघात बाबा गेले त्या रात्रीपासून सुरुवात करते. संध्याकाळी पडवीत बसले असताना छातीत कळ आली आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं. मी दहाच्या सुमारास पोचले, भाऊ लोट्याहून कंपनीची पाळी सोडून आला. आत्या आणि चुलत भावंडं मुंबईहून निघाली होती, म्हणून उचलायचं सकाळी ठरलं. रात्रभर बायका बसून होत्या. साडेतीनच्या सुमारास आई माझ्याजवळ आली, खुंटीवरची व्हॉल्व्हची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाय, उठ. दारात शंभर माणूस यायचाय. आणि लोकांच्या घरात पाणी नको?"

ती चावी तुमच्यापैकी कितीजणांनी हातात घेतली आहे? साडेतीन फूट लांब लोखंडी दांडा, खाली चौकोनी तोंड, वर आडवी मूठ. मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली आणि मधोमध सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कारण थंडीत लोखंड हाताला चावतं. मी लहानपणी सुट्टीत बाबांबरोबर फिरले होते, म्हणून आईला वाटलं मला येईल. मी बॅटरी घेऊन गेले. वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह सापडला, शाळेजवळचा सापडला. बाजारपेठेचा मी सगळीकडे उघडतात तसा डावीकडे फिरवला. तो उलटा बसवलेला आहे, डावीकडे बंद होतो, हे मला कुठे माहीत? त्या दिवशी बाजारपेठ कोरडी राहिली आणि भंडारवाडीत दुप्पट पाणी जाऊन गटारं वाहिली. ज्यांचा खोळंबा झाला त्यांची मी आज माफी मागते. त्यांच्यातले बरेचजण तासाभरात आमच्या दारात खांदा द्यायला उभे होते आणि एकानेही पाण्याचा विषय काढला नाही.

सुतकात टाकीला हात लावला म्हणून नंतर कोणी काही बोललं, ते माझ्या कानावर आलं. टोकाच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी त्याला तिथेच उत्तर दिलं, "पाण्याला कसलं सुतक?" त्या आजींचे मी पाय धरले आहेत.

पुढचे दोन महिने तुम्ही सगळ्यांनी भोगले. शिपाईदादा आणि दोन-तीन मुलं मिळून व्हॉल्व्ह शोधत होती. तीन ठिकाणी रस्ता खणला, त्यातल्या दोन ठिकाणी काहीच नव्हतं. पाणी कधी दहाला, कधी भर दुपारी. कुणी म्हणालं तात्यांनी कुणाला शिकवलं नाही, सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवलं. हे वाक्य मला लागलं. बाबा असताना त्यांच्याबरोबर पहाटे फिरायला गावाने दुसरा माणूस दिला असता, तर त्यांनी शिकवलं नसतं का? एकोणतीस वर्षांत तो माणूस आला नाही.

१९९६ साली आपल्याकडे नळयोजना सुरू झाली तेव्हा बाबा त्यावर लागले. त्याआधी बायका पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, आणि रहाटाच्या विहिरीवर जायच्या. आपल्याकडे पाऊस पडतो तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, आणि होळीनंतर हंड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटत नाही. पण आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही, सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून खाली झिरपतं आणि उतार मिळेल तसं दर्याला मिळतं. जे थोडं अडतं ते आपण अडवतो म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्ह्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून जो कच्चा बंधारा घालतात, त्या गोण्या बाबा वर्षभर जमवायचे. कुठे घराचं काम चालू असलं की मालकाला आधीच सांगून ठेवायचे. आमच्या पडवीच्या माळ्यावर त्या घड्या घालून रचलेल्या असायच्या आणि आई धुळीवरून बोलायची.

आपली जॅकवेल, म्हणजे पंपाची विहीर, नदीत आहे आणि तिथून खाडी लांब नाही. चैत्र-वैशाखात नदीची धार बारीक झाली की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं खारं पाणी वर चढतं. त्या वेळी पंप चालू असेल तर टाकीत खारं पाणी जातं. बाबांना भरती-ओहोटीचं पुस्तक लागत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब, तोच ते धरायचे. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. भरतीच्या आधी दोन तास पंप बंद, पाणी ओसरल्यावर परत चालू. मी चौथीत पाऊणकी शिकले ती मास्तरांच्या आधी बाबांकडून, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून.

आणि भारनियमनाची वर्षं आठवा. लाईट असायची तेव्हा भरती, ओहोटी असायची तेव्हा लाईट नाही. मग कधी रात्री दोन ते साडेतीन एवढीच फट मिळायची. तेवढ्यासाठी ते नदीवर जाऊन झोपायचे. पंप चालू केला की पहिली ओंजळ तोंडात घ्यायचे, जिभेवर फिरवायचे, थुंकायचे. थोडं थांबून परत एकदा. खारटपणा वाटला तर स्टार्टर बंद करून बसून राहायचे. आपल्या चहाला कधी खारी चव आली नाही, त्याचं कारण ती ओंजळ.

टाकी एक लाख लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टाकीला अर्धा किलो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. बाबा ती पावडर बादलीत कालवायचे, चुना तळाशी बसू द्यायचे, वरचं पाणी तेवढं टाकीत ओतायचे. अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी सोडायचे नाहीत. मग टेस्टच्या नळीत थेंब टाकून बघायचे, पिवळा रंग आला की चावी खांद्यावर. नाकाला टॉवेल बांधलेला, हातात मोजे नाहीत. त्यांच्या बोटांची सालं पांढरी होऊन निघायची, थंडीत भेगांतून रक्त यायचं. रात्री आई खोबरेल लावून द्यायची. आमच्या लहानपणी बाबांच्या शर्टाला जो वास यायचा तो त्या पावडरचा. अजूनही कुठल्या दवाखान्यात तो वास आला की मी मागे वळून बघते.

टोकाच्या वाडीचं मला वेगळं सांगायचं आहे. पाइप जिथे संपतो तिथे दाब नसतो, म्हणून आधी बाजारपेठ, मग आळ्या आणि उरलं तर टोकाची वाडी, असा पहिल्या वर्षी क्रम होता. बाबांनी तो उलटा केला. टाकी भरलेली असताना सगळ्यात आधी टोकाला पाणी, तेव्हाच तिथे दाब पोचतो. त्यांना त्यावरून बोलणी बसली. एकाने तर आमच्या दारात येऊन विचारलं, "पट्टी आम्ही जास्त भरतो, मग पाणी त्यांना आधी का?" बाबा म्हणाले, "उतार त्यांच्याकडे नाय, म्हणून." एवढंच बोलले आणि जेवायला बसले. दरवर्षी २० मार्चला त्या वाडीतली माणसं महाडला चवदार तळ्यावर जायला पहाटेच निघतात. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तिथे जाणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी तरी पाण्याची वाट बघायला लागू नये, म्हणून बाबा त्या तारखेला तीनला उठायचे. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. आईला माहीत होतं, कारण तीनचा चहा तिला करावा लागायचा.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. त्याच्यावर तुम्हाला मी काय सांगणार, प्रत्येकाच्या घरची कौलं आणि पत्रे उडाले होते. दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले, माड-पोफळी झोपल्या, आमची तीन हापूसची कलमं मुळासकट गेली. त्यात करोनाचे दिवस, शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात. लाईट यायला महिना उलटला. पण वादळानंतर तिसऱ्या दिवशी तुमच्या नळाला पाणी आलं, आठवतंय? बाबा आणि भाऊ कोयते घेऊन नदीपर्यंतची वाट तोडत गेले होते, दीड दिवस लागला. भाड्याचा जनरेटर मिळाला पण डिझेल नव्हतं, रस्तेच बंद. बंदरावरच्या एका नाखव्याने नौकेसाठी भरून ठेवलेले दोन कॅन दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्या घरचं कुणी सभेला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. शाळेजवळची काळी टाकी बाबा रोज दोनदा भरायचे. गेटच्या आतली माणसं लांबून हात जोडायची. घरी आल्यावर ते मागच्या दारी अंघोळ करून पडवीतच झोपायचे, माझ्या आजीला काही होऊ नये म्हणून. आमच्या स्वतःच्या घरावर तेव्हा ताडपत्री होती. कौलं बाबांनी आषाढात चढवली.

हे सगळं ऐकून त्यांना देव करू नका. बाबा तापट होते. साडेआठला झोपायचे आणि त्यानंतर घरात आवाज झालेला चालायचा नाही, आम्ही बारावीचा अभ्यासही कुजबुजत केला. माझ्या एकाही स्नेहसंमेलनाला ते आले नाहीत. पाहुण्यांकडे कधी मुक्काम केला नाही. आत्याच्या मुलाचं लग्न परळला होतं, तर रात्रीच्या गाडीने गेले, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आई तेव्हा चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पहाटे ते मांडवातून उठून व्हॉल्व्हवर गेले. मी चिडले, रडलेसुद्धा. सहाला परत आले ते पायाला चिखल लागलेले, आणि तसेच येऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "आज आपल्याकडे पाहुणे, पण बाकीच्यांच्या घरी रोजचाच दिवस ना गो." मी तेव्हा काही बोलले नाही. ते बरोबर होते की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. एका माणसावर एवढं पडायलाच नको होतं, एवढं मात्र सांगते.

थकबाकीवाल्यांची नळजोडणी तोडायचा ठराव झाला होता, तेव्हा यादीत माझ्या सख्ख्या काकांचं नाव होतं. बाबांनी तीही तोडली. काका दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत. गणपती मूळ घरात, म्हणजे त्यांच्याकडे. त्या दोन्ही वर्षी बाबा आरतीला आत गेले नाहीत, पडवीत उभं राहून टाळ्या वाजवत होते. आणि गणपतीतच तर त्यांची दमछाक व्हायची. गाव दुप्पट भरतं, प्रत्येक घरात दहा-पंधरा माणसं, मग पाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. तुमचा गौरीचा सण होत होता तेव्हा ते टाकीवर डबा खात होते.

पगाराबद्दल लिहू नको, असं भाऊ म्हणाला. मी लिहिणार. १९९६ ते २००९, तेरा वर्षं बाबांचं नाव कर्मचारी नोंदवहीत नव्हतं. दर महिन्याला व्हाउचर व्हायचं, "पाणी सोडणे, मजुरी". मी ती कार्बन कॉपी पाहिली आहे, आईने पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात. नाव लागल्यावरही पगार तीन-तीन महिने मागे. मला कायदा थोडा वाचून कळला. ग्रामपंचायतीला आस्थापनेवर, म्हणजे कर्मचाऱ्यांवर, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि शासनाकडून येणारा पगाराचा वाटा करवसुलीला बांधलेला. म्हणजे तुम्ही-आम्ही घरपट्टी, पाणीपट्टी थकवली की त्याचा फटका आधी पाणी सोडणाऱ्याच्या चुलीला. बाबा दर एप्रिलला आमची पट्टी पहिल्या आठवड्यात भरायचे, स्वतःचा फेब्रुवारीचा पगार आलेला नसला तरी. मधल्या काळात त्यांनी घर कशावर चालवलं? सकाळी आठनंतर ते दुसऱ्यांच्या वाडीत जायचे. नारळ सोलले, काजूच्या बिया गोळा केल्या, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या ठोकल्या. त्यातून माझं डीएड झालं आणि भावाचं आयटीआय. आम्ही दोघं कुणापुढे हात न पसरता उभे आहोत ते त्या दुसऱ्या पाळीवर.

टाकीला नाव द्यायचं म्हटल्यावर आई मला म्हणाली, "नाव हजेरीबुकात वेळेवर लिहिलं असतं तर बरं होतं." तिच्या मनात राग नाही. तिला जे वाटलं ते ती बोलली, आणि मी ते तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

आता वहीबद्दल. दिवस झाल्यावर आम्ही बाबांची पेटी उघडली. त्यात माझी सातवीची गणिताची वही निघाली. उरलेल्या पाठकोऱ्या पानांवर बाबांनी पेन्सिलने गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह लिहून ठेवलाय. अक्षर वेडंवाकडं आहे, पण एकही सुटलेला नाही. नमुन्यादाखल दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"खालची आळी. रहाटाच्या विहिरीपासून सात पावलं दर्याकडे, फणसाच्या मुळाला लागून. सव्वाअकरा फेरे. जास्त पिळू नये, स्पिंडल झिजला आहे."

"बाजारपेठ. पिठाच्या गिरणीच्या पायरीसमोर. उलटा बसवला आहे, डावीकडे बंद. नवीन माणसाला आधी हे सांगणे."

नवीन माणसाला आधी हे सांगणे. ते वाक्य वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. तात्यांनी कुणाला शिकवलं नाही असं जे म्हणाले, त्यांना मी ते पान दाखवायला तयार आहे. बाबा नवीन माणसाची वाट बघत होते.

वहीत एक गोष्ट मात्र नाही, कारण ती बाबांच्या हातात नव्हती. जलजीवन मिशनमधून गेल्या दोन वर्षांत जी नवी टाकी झाली आणि नवे काळे पाइप पडले, त्या कामाचा नकाशा. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं म्हणून ही योजना आली, चांगली आहे. पण ठेकेदाराने चर खणले, पाइप टाकले, बुजवले आणि तो गेला. जुनी लाइन कुठे कापली, कुठे जोडली, हे बाबांनी त्याच्या मजुरांच्या मागे फिरून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. शेवटची चार पानं तीच आहेत. दोन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ते त्या मजुरांना विचारणार होते, तेवढ्यात माघ आला.

तर माझं म्हणणं असं. टाकीला नाव द्या किंवा देऊ नका, आमची काही मागणी नाही. दिलंत तर आई येईल, नारळ फोडेल. पण त्या आधी, पाऊस लागायच्या आत, ही वही हातात घेऊन गावातून एकदा फिरा. मे महिना आहे, मुंबईची पोरं गावात आलेली आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. एकेक व्हॉल्व्ह शोधा, त्याचं लोकेशन टिपा, रंगाने आकडा घाला, वर झाकण बसवा. नकाशा काढून कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि एक प्रत शाळेत ठेवा. जुनी माणसं अजून आहेत, पाइप टाकताना कुदळ मारलेले दोघं-तिघं हयात आहेत, त्यांना खुर्ची देऊन बरोबर न्या. पाऊस सुरू झाला की रान वाढतं आणि मग दिवाळीपर्यंत काही दिसत नाही.

दुसरं, आता रोजंदारीवर जो मुलगा तुम्ही ठेवला आहे, त्याचं नाव याच सभेत ठराव करून नोंदवहीत घ्यायला पाठवा. तो चांगला आहे. मागच्या महिन्यात मी त्याला पहाटे टाकीवर भेटले, नाकाला रुमाल बांधून पावडर कालवत होता. मोजे नव्हते. त्याचं नुकतंच लग्न ठरलंय. त्याच्या जोडीला आणखी एक माणूस द्या, अर्ध्या पगाराचा असला तरी चालेल, म्हणजे आठवड्यातून एक दिवस त्याला झोपता येईल, सासुरवाडीला जाऊन राहता येईल, पुढे मुलीच्या शाळेत जाता येईल. पैसे कुठून आणायचे, असं भाऊसाहेब विचारतील आणि ते बरोबर विचारतील. गावात ज्यांची पट्टी बाकी आहे, त्यांनी ती भरली तर बराच भार हलका होईल. आमची यंदाची पावती आईकडे आहे, कुणालाही बघायला मिळेल.

वहीची झेरॉक्स मी ग्रामपंचायतीला देणार आहे, मूळ प्रत आईकडे राहील. चावीही देणार. चावीची मूठ तेवढी बदलू नका, ट्यूबची पट्टी आहे तशीच असू द्या, थंडीत त्या मुलाला उपयोग होईल.

न्यायला यायचं तर सकाळी आठनंतर या. त्याआधी आई घरात नसते. ती अजून पहाटे उठते, त्या मुलासाठी चहा घेऊन टाकीपर्यंत जाते आणि बाजारपेठेत पाणी आलं का ते बघून मग परत येते.

आणि फिरायला सुरुवात कराल तेव्हा वहीचं पहिलं पान घ्या. "टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह, चिंचेपासून चार पावलं उगवतीला." ती चिंच वादळात गेली आणि त्या जागेवरून आता डांबरी रस्ता आहे. बुंधा कुठे होता ते आईला माहीत आहे. तिला बरोबर न्या, ती दाखवेल.

आपली,
पाण्याच्या तात्यांची मुलगी